टॉवेल फिरवला, पण कुत्रा वाळला का?

प्रश्न : आम्ही रत्नागिरीत राहतो. आमच्याकडे बाळू नावाचा तीन वर्षांचा लॅब्राडोर आहे. पावसाळ्यात तो रोज लाल चिखलात माखून येतो, म्हणून दर रविवारी संध्याकाळी त्याला शाम्पू लावून आंघोळ घालते, मोठ्या टॉवेलने खसाखसा पुसते आणि पडवीत बांधते. तरी दुसऱ्या दिवशी अंगाला कुबट वास येतोच. गेल्या दोन दिवसांपासून त्याच्या डाव्या कानाखाली ओलसर लाल चट्टा दिसतो आहे आणि तो सारखे तिथेच खाजवतो. सासूबाई म्हणतात, चुलीपाशी बसवा आणि चट्ट्याला हळद-खोबरेल लावा. यजमान म्हणतात, केसच बारीक कापून टाकू. हेअर ड्रायर नुसता हातात घेतला तरी बाळू पलंगाखाली जातो. आंघोळीनंतर त्याला नीट वाळवायचे तरी कसे? आणि गारठा लागू नये म्हणून अंगात कपडा घालावा का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील बाकीचे प्रश्न थांबू शकतात, कानाखालचा चट्टा थांबू शकत नाही. म्हणून त्याबद्दल तुम्हाला आधीच वेगळे कळवले आहे. इतर वाचकांसाठी तेच येथे थोडक्यात लिहितो. केस चिकटलेला, ओलसर, लाल आणि हात लावला तर कुत्रा कळवळेल असा चट्टा बहुधा आम्ही पशुवैद्य ज्याला ‘हॉट स्पॉट’ म्हणतो त्या प्रकारचा असतो. सकाळी रुपयाएवढा दिसलेला हा चट्टा रात्रीपर्यंत तळहाताएवढा होऊ शकतो, कारण कुत्रा जितका खाजवतो आणि चाटतो तितकी त्वचा सोलवटते आणि जितकी ती सोलवटते तितकी खाज वाढते. त्यावर खोबरेल लावले की वरचे केस तेलकट होऊन आणखी चिकटतात, आतला ओलावा कोंडला जातो आणि जखमेला वारा लागतच नाही. हळदीवर माझा राग नाही, पण तेलात कालवून ओल्या चट्ट्यावर थापण्याची ही जागा नव्हे. घरात असतात म्हणून डेटॉल किंवा फिनेल लावणारेही भेटतात. ते तर अजिबात करू नये, कारण कुत्रा ते चाटणारच. पशुवैद्य चट्ट्याभोवतीचे केस कापून जागा मोकळी करतील, ती स्वच्छ करतील आणि औषध देतील. चट्टा कानाखाली आहे म्हणून कानही आतून तपासून घ्या, कारण खाजेचे मूळ पुष्कळदा कानातच असते, आणि पिसवा आहेत का तेही पाहायला सांगा. जखम पूर्ण सुकेपर्यंत डॉक्टर सांगतील त्याखेरीज आंघोळ नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही बाळूला पुसता, पण वाळवत नाही, आणि लॅब्राडोरच्या बाबतीत या दोन गोष्टींमध्ये फार अंतर आहे. या जातीचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांबरोबर बर्फगार पाण्यात काम करणारे कुत्रे होते. पुढे इंग्लंडात त्यांची जोपासना झाली आणि तेथील केनेल क्लबने १९०३ मध्ये लॅब्राडोर रिट्रीव्हर ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. थंड पाण्यात पोहताना अंगाला ऊब राहावी म्हणून या कुत्र्याला केसांचे दोन थर मिळाले आहेत : वर राठ, किंचित ओशट केस आणि त्यांच्या मुळाशी दाट, मऊ लव. वरच्या केसांवरून पाणी ओघळून जाते, त्यामुळे साध्या पावसात तो कातडीपर्यंत सहसा भिजत नाही. आंघोळीत मात्र आपण शाम्पूने तो ओशटपणा काढतो, बोटांनी चोळचोळून पाणी मुद्दाम त्या लवेत मुरवतो आणि मग टॉवेल फिरवून फक्त वरचे केस कोरडे करतो. हाताला कुत्रा वाळलेला लागतो, आतली लव मात्र पिळायला विसरलेल्या घोंगडीसारखी ओली असते. त्यात तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस आणि जुलैची हवा इतकी दमट की दोरीवरचे रुमालसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्या हवेत, संध्याकाळच्या वेळी, पडवीत बांधलेल्या कुत्र्याची लव आपोआप वाळेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

कुबट वासाचे कारणही तेच. कुत्र्याच्या त्वचेवर जिवाणू आणि बुरशीवर्गातले सूक्ष्मजीव नेहमीच असतात आणि त्वचा कोरडी असते तोवर ते आपल्या पायरीने राहतात. ऊब आणि ओल दोन्ही मिळाली की ते भराभर वाढतात आणि त्यांनी तयार केलेली वासाची द्रव्ये ओलाव्याबरोबर हवेत सुटतात. म्हणूनच आंघोळ घालूनही वास येतो अशी तक्रार माझ्याकडे उन्हाळ्यात क्वचितच येते आणि आषाढ-श्रावणात रोज येते. कुत्रा त्वचेपर्यंत कोरडा झाल्यावरही वास टिकला, तर मात्र तो त्वचेच्या किंवा कानाच्या आजाराचा समजावा आणि शाम्पू बदलत बसू नये.

वाळवण्याची तयारी आंघोळीच्या आधी सुरू होते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. लॅब्राडोरची सुटलेली, मेलेली लव अंगातच अडकून राहते आणि पाणी धरून ठेवते. आंघोळीपूर्वी रबरी दात्यांच्या ब्रशने दहा-पंधरा मिनिटे केस विंचरले, तर ओंजळभर लव निघते आणि वाळवण्याचा निम्मा त्रास तिथेच वाचतो. दुसरी तयारी कापडांची. तुम्ही एक मोठा टॉवेल वापरता, मी तीन-चार पंचे वापरायला सांगेन. जाड टॉवेल एकदा भिजला की नुसते पाणी इकडून तिकडे नेतो. सुती पंचा पाणी लगेच ओढतो, पिळला की पुन्हा कामाला येतो आणि पावसाळ्यातही त्यातल्या त्यात लवकर वाळतो. मायक्रोफायबरचे टॉवेल मिळाले तर तेही उत्तम. पंचे इस्त्री फिरवून अगदी कोरडे करून ठेवा, कारण दमट पंच्याने ओला कुत्रा पुसण्यात अर्थ नाही. आणि वेळ बदला : संध्याकाळऐवजी सकाळी दहा-अकराला आंघोळ घाला, म्हणजे मध्येच लाइट गेले तरी वाळवायला दिवस हाताशी राहील.

शाम्पू कुत्र्यांसाठीचाच हवा, माणसांचा नको, आणि तो पूर्ण निघेपर्यंत कोमट पाणी घालत राहावे; मुळाशी राहिलेल्या फेसानेही खाज सुटते. शेवटचा तांब्या ओतल्यावर लगेच टॉवेलकडे धावू नका. दोन्ही हातांनी केसांच्या दिशेने दाब देत मानेपासून पाठीवरून, पोटाखालून आणि चारही पायांवरून पाणी खाली ओघळवा. शेपटी मुठीत धरून बुडापासून टोकाकडे एकदा हलकेच निपटा. केवळ हातांनी किती पाणी निघते हे पाहून तुम्हाला नवल वाटेल.

त्यानंतर बाळूला अंग झाडू द्या. आपण सगळे त्या क्षणी ओरडून मागे सरतो, पण तो त्याचा हक्काचा ड्रायर आहे. अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरापासून अस्वलापर्यंतचे प्राणी अंग कसे झाडतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की प्राणी जितका लहान तितका तो वेगाने अंग झाडतो. उंदराला सेकंदाला तीसच्या आसपास झटके द्यावे लागतात, तर लॅब्राडोरएवढ्या कुत्र्याचे चार-पाच झटक्यांत भागते. केसांतले सुमारे ७० टक्के पाणी अशा रीतीने काही सेकंदांतच उडून जाते, आणि कोणताही पंचा इतक्या कमी वेळात इतके पाणी टिपत नाही. झाडण्याची लाट डोक्यापासून सुरू होऊन शेपटीकडे जाते, त्यामुळे डोक्यावर किंवा नाकाडावर हात ठेवलात तर कुत्रा सहसा झाडत नाही. तो हात ठेवूनच त्याला न्हाणीघराच्या दाराशी आणा, घसरू नये म्हणून गोणपाटावर उभे करा, हात काढा आणि मागे सरा. दोन-तीनदा झाडून झाले की मग पंचा घ्या.

पंचा खसाखसा घासायचा नाही. घासल्याने लव गुंतते, ओली त्वचा चुरचुरते आणि पाणी आत ढकलले जाते. पंचा अंगावर पसरून त्यावरून दोन्ही तळहातांनी दाबावे, दोन-तीन सेकंद तसेच धरावे, उचलावे आणि पुढच्या जागी ठेवावे, जसे कागदावर सांडलेली शाई टिपून घेतात. पहिला पंचा भिजला की दुसरा. पाठ सोपी असते म्हणून आपण पाठच चार वेळा पुसतो. ओल मात्र काखेत, जांघेत, गळपट्ट्याखाली, कानाच्या पाळीमागे, शेपटीच्या बुडाशी आणि पंजांच्या बेचक्यांत दडलेली असते. प्रत्येक पंजा हातात घेऊन बोटे वेगळी करून बेचक्या टिपाव्यात. गळपट्टा आंघोळीपूर्वी काढावा आणि कुत्रा व पट्टा दोन्ही वाळल्यावरच पुन्हा घालावा. कातडी पट्टा ओला राहिला की दोन दिवसांत त्याखाली लाल वळ उठतो, आणि तुमच्या बाळूचा चट्टा कानाखाली आहे हे वाचताना मला पहिली शंका पट्ट्याचीच आली.

या टप्प्यावर कुत्रा पुसून झालेला असतो. वाळवणे इथून पुढे.

वाळवण्याचे खरे काम उष्णता नव्हे, हवा करते. हेअर ड्रायर असेल तर तो थंड हवेवर किंवा फार तर सर्वांत कमी उष्णतेवर ठेवा, अंगापासून निदान एक फूट दूर धरा आणि एका जागी न थांबवता सतत हलवत राहा. दुसऱ्या हाताच्या बोटांनी केस उलट दिशेला सारत पुढे सरका, म्हणजे केस दुभंगून गुलाबी-पांढरी त्वचा दिसेल आणि हवा थेट मुळाशी पोहोचेल. केस सारणारा हात हवेच्या झोतातच राहतो, हा त्यातला दुहेरी फायदा, कारण झोत तुमच्या हाताला गरम लागला तर तो बाळूच्या त्वचेला आधीच जास्त झालेला असतो. चेहऱ्यावर आणि कानात झोत सोडू नये. ड्रायर न्हाणीघरात वापरू नये; कोरड्या खोलीत, पायात रबरी चप्पल घालून वापरावा. खोलीत एसी असेल तर कुत्र्याच्या अंगावर वारा न येईल असा चालू ठेवावा, कारण तो हवेतला दमटपणा ओढून घेतो. नसेल तर पंखा लावून दार थोडे उघडे ठेवावे, नाहीतर अंगातून निघालेली वाफ खोलीतच कोंडते. मोठ्या लॅब्राडोरला या रीतीने अर्धा ते पाऊण तास लागतो. तेवढा वेळ नसेल, तर त्या दिवशी आंघोळ घालू नये, इतके स्पष्टच सांगतो.

वाळला की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. शेपटीच्या बुडाशी केस दुभंगून त्वचेवर कोरडा टिश्यू कागद दहा सेकंद दाबून धरा. तो मऊ पडला तर अजून ओल आहे. काखेत आणि कानामागे तेच करा. हाताच्या मागच्या बाजूनेही अंदाज येतो, कारण तळहातापेक्षा तिथे गारवा चटकन जाणवतो. माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्याकडे पूर्वी एक लॅब्राडोर होती. गणपतीच्या आदल्या दिवशी पाहुणे येणार म्हणून मी तिला घाईघाईने न्हाऊ घातले, टॉवेल फिरवला आणि मखराच्या कामाला लागलो. तिसऱ्या दिवशी शेपटीच्या बुडाशी तळहाताएवढा चट्टा. इतरांना सल्ले देणाऱ्या पशुवैद्याच्या कुत्रीने त्या वर्षी गळ्यात प्लॅस्टिकचे नरसाळे घालून पाच दिवस आरतीला हजेरी लावली.

बाळूची ड्रायरची भीती खोटी नाही. माणसाला फार तर २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. ड्रायरच्या मोटरीची जी शिट्टी आपल्या कानाला लागतच नाही, ती त्याला ऐकू येत असणार. त्याला धरून बसवून झोत सोडला, तर पुढच्या वेळी तो आंघोळीलाही येणार नाही. कोरड्या दिवशी, आंघोळीचा काही संबंध नसताना, बंद ड्रायर जमिनीवर ठेवा आणि त्याच्याजवळ उकडलेल्या अंड्याचे तुकडे द्या. तीन-चार दिवसांनी ड्रायर शेजारच्या खोलीत सुरू करा आणि इकडे खाऊ चालू ठेवा, मग दारात, मग त्याच खोलीत पण झोत दुसरीकडे वळवून, आणि शेवटी मागच्या पायावर दोन सेकंद. कान मागे दबले किंवा तो ओठ चाटू लागला की एक पायरी मागे या. याला दोन-तीन आठवडे लागतात. तोपर्यंत टेबलफॅनसमोर बसवून एका हाताने केस उलटे सारत राहणे हा वेळखाऊ पण चांगला मार्ग आहे, आणि मधूनमधून कोरडा पंचा दाबत राहिलात तर तो पुरतोही.

चुलीबद्दल सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि नाही म्हणून सांगा. पूर्वी अंगणात वाढलेले गावठी कुत्रे चुलीच्या राखेत झोपत आणि त्यांना काही होत नसे, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्या कुत्र्यांचे केस आखूड आणि विरळ असत आणि त्यांना शाम्पू लावून कोणी न्हाऊही घालत नसे. आगीजवळ बसलेल्या लॅब्राडोरची एकच बाजू तापते, लवेतले पाणी गरम होऊन कातडीला शेक बसतो आणि दुसऱ्या बाजूची ओल तशीच राहते. शिवाय कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातली उष्णता घालवतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते आणि ते ४१ च्या वर गेले की जिवावर बेतू शकते. चपट्या नाकाच्या पग, बुलडॉगसारख्या कुत्र्यांना धापाही नीट टाकता येत नाहीत, म्हणून अशी कुत्री पाळणाऱ्यांनी गरम हवेचा झोत वापरूच नये आणि बंद पिंजऱ्यात गरम हवा सोडून वाळवण्याची पद्धत कुठे दिसली तर कुत्रा तिथे सोडून निघून जाऊ नये.

कानांसाठी एक वेगळी सूचना. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग काटकोनात आत वळते, त्यामुळे आत गेलेले पाणी आपणहून बाहेर येत नाही. वरून लॅब्राडोरची लोंबती पाळी झाकणासारखी बसते. आंघोळीच्या वेळी कानाच्या तोंडाशी कापसाचा सैलसर बोळा ठेवा आणि तो आठवणीने काढा. नंतर बोटाला कोरडा कापूस गुंडाळून बोट जाईल तेवढाच भाग टिपा. काडीला कापूस लावून आत घालू नका आणि तेलाचे थेंबही सोडू नका. मग दोन्ही पाळ्या डोक्यावर उलट्या टाकून दहा-पंधरा मिनिटे वारा लागू द्या. बाळू त्या अवतारात जरा विनोदी दिसेल, पण त्याला चालेल. तो डोके सारखे झटकू लागला किंवा कानातून तपकिरी मळ आणि आंबूस वास येऊ लागला, तर दवाखाना गाठा.

यजमानांचा केस बारीक कापण्याचा उपाय मला पटत नाही. चट्ट्याभोवतीचे केस कापणे हा उपचार आहे, पण सबंध लॅब्राडोर भादरला की उन्हापावसापासून त्वचेचे रक्षण करणारे वरचे केस जातात आणि पुष्कळदा ते पूर्वीसारखे उगवत नाहीत. लव आधी वाढते आणि अंगाला नमद्यासारखे दाट थर येतात, जे वाळवणे आणखी कठीण. त्यापेक्षा आंघोळीच कमी करा. निरोगी लॅब्राडोरला पावसाळ्यात महिन्या-दीड महिन्याने एक आंघोळ पुष्कळ झाली. रोजच्या लाल चिखलासाठी फक्त पाय आणि पोट साध्या पाण्याने धुवा, बेचक्यांसह कोरडे करा आणि अंगावर उडालेले शिंतोडे वाळू द्या. जांभ्याची माती वाळली की ब्रशने झडून जाते, ओली असताना चोळली तर मात्र लवेत मुरते.

राहिला कपडा. ओल्या अंगावर कोणताही कपडा नको, कारण तो ओल कोंडून ठेवण्यापलीकडे काही करत नाही, आणि पूर्ण वाळलेल्या लॅब्राडोरला रत्नागिरीच्या हवेत कपड्याची गरज नसते. पावसात फिरायला नेताना पाठीवर सैल रेनकोट घातलात तर चालेल. घरी आल्याबरोबर तो काढून काखांखालचे पट्टे कुठे ओले राहिले आहेत का ते मात्र हात घालून पाहा.